‘सं गच्छध्वं सं वदध्वं’ : शब्दांच्या अर्थाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात सोसायटीच्या वार्षिक सभेची पत्रिका असो, शाळेची प्रार्थना असो की गणेशोत्सव मंडळाचा बॅनर, हा मंत्र कुठे ना कुठे भेटतोच. पुष्कळांना तो पाठही असतो. अर्थ विचारला की मात्र गाडी ‘एकत्र चला, एकत्र बोला’पाशी थांबते आणि दुसऱ्या ओळीला सगळे गप्प होतात. मराठी माणसाची इथे एक खास अडचण आहे. मंत्रातले निम्मे शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात आणि तिथेच फसायला होते. म्हणून खाली एकेक शब्द सुटा करून पाहिला आहे. पाटी लिहून घेणाऱ्यांचे आणि मंत्र पाठ करणाऱ्यांचे प्रश्न शेवटी आहेत.

मंत्र नेमका कुठला आणि मूळ पाठ काय?

ऋग्वेद, मंडल १०, सूक्त १९१, मंत्र २. हे ऋग्वेदाचे अगदी शेवटचे सूक्त. त्याला संज्ञानसूक्त किंवा ऐक्यसूक्त म्हणतात. मंत्र चारच आहेत. ऋषी संवनन आंगिरस. पहिल्या मंत्राची देवता अग्नी, पुढच्या तिघांची ‘संज्ञान’. पहिला, दुसरा आणि चौथा मंत्र अनुष्टुभ् छंदात, तिसरा त्रिष्टुभ् छंदात.

एकतेसाठी म्हटले जातात ते मंत्र २ ते ४ असे:

सं गच्छध्वं सं वदध्वं सं वो मनांसि जानताम् ।
देवा भागं यथा पूर्वे संजानाना उपासते ॥ २ ॥

समानो मन्त्रः समितिः समानी समानं मनः सह चित्तमेषाम् ।
समानं मन्त्रमभि मन्त्रये वः समानेन वो हविषा जुहोमि ॥ ३ ॥

समानी व आकूतिः समाना हृदयानि वः ।
समानमस्तु वो मनो यथा वः सुसहासति ॥ ४ ॥

‘संज्ञान’ म्हणजे काय? ‘संज्ञा’शी त्याचा संबंध आहे का?

धातू एकच, ज्ञा. पण मराठीत ‘संज्ञा’ म्हणजे नाव किंवा पारिभाषिक शब्द, आणि हिंदी बातम्यांतले ‘संज्ञान’ म्हणजे दखल. यातला कुठलाच अर्थ इथे चालत नाही. सूक्तातले संज्ञान म्हणजे एकमेकांशी पटणे, मनोमीलन.

‘सं’ वेगळा का लिहितात? ‘संगच्छध्वं’ असे जोडून चालेल का?

वेदात उपसर्ग हा क्रियापदाला चिकटलेला असलाच पाहिजे असे नाही. तो सुटा राहतो, त्याला स्वतःचा उदात्त (उंच) स्वर असतो, आणि तो क्रियापदापासून चार पावले दूरही जाऊन बसू शकतो. पाणिनीने यासाठी सूत्रच दिले आहे: ‘व्यवहिताश्च’ (१.४.८२). पदपाठात, म्हणजे मंत्राचे एकेक पद सुटे करून दिलेल्या पाठात, ‘सम् । गच्छध्वम्’ अशी दोन पदे आहेत. म्हणून सुटे लिहिणे हे मूळाला धरून. जोडून लिहिले तर अर्थ बिघडत नाही, पण पहिल्या दोन ठिकाणी जोडून आणि तिसऱ्या ठिकाणी सुटे अशी खिचडी होते, कारण तिसरा ‘सं’ जोडताच येत नाही.

हा तिसरा ‘सं’च खरा गोंधळ घालतो. ‘सं वो मनांसि जानताम्’ या चरणात ‘सं’ हा ‘वो’चा नाही, ‘मनांसि’चाही नाही. तो शेवटच्या ‘जानताम्’चा आहे. मध्ये दोन शब्द येऊन बसले आहेत, एवढेच. अर्थ लावताना त्याला उचलून जागेवर न्यायचे: वः मनांसि सं-जानताम्.

‘गच्छध्वम्’ म्हणजे ‘चला’ ना?

नुसता गम् म्हणजे जाणे. सम् लागला की अर्थ ‘एकत्र येणे, भेटणे’ असा होतो. संगम, संगत, संगती हे आपले रोजचे शब्द त्यातूनच आले. संगमावर नद्या एकमेकींना मिळतात, तसे. म्हणून ‘एकत्र या’ हा अर्थ आधी, ‘बरोबरीने चाला’ हा नंतरचा. पाय जुळवून कूच करण्याचे चित्र या शब्दात मुळात नाही, ते बॅनरवाल्यांनी आणले.

रूप कसे बनते हेही पाहण्यासारखे आहे. संस्कृत क्रियापदांना प्रत्ययांचे दोन संच लागतात, परस्मैपद आणि आत्मनेपद. गम् हा परस्मैपदी धातू: गच्छति, गच्छत. इथे मात्र ‘गच्छध्वम्’ असे आत्मनेपदी रूप आले, कारण सम् उपसर्ग लागून धातू अकर्मक झाला की तो आत्मनेपद घेतो (पाणिनी १.३.२९). लोट् लकार, म्हणजे आज्ञार्थ. मध्यम पुरुष, बहुवचन. ‘तुम्ही सगळे’ हे कर्ते क्रियापदातच दडलेले आहेत.

‘सं वदध्वम्’ म्हणजे सर्वांनी एकच बोलायचे का? मग वेगळे मत मांडायचेच नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सभेच्या पत्रिकेवर हा मंत्र छापलेला असला की तो हमखास येतो.

आधी व्याकरण. वद् हाही एरवी परस्मैपदी. ‘व्यक्तवाचां समुच्चारणे’ (१.३.४८) या सूत्राने तो आत्मनेपदी होतो. स्पष्ट वाणी असणाऱ्यांनी, म्हणजे माणसांनी, मिळून उच्चार करणे असा त्याचा विषय. थोडक्यात, रूपाचा रोख ‘एका वेळी, बरोबर बोलणे’ याकडे आहे. यज्ञात एका सुरात स्तोत्र म्हणणाऱ्यांना उद्देशून हे सांगितले, असे धरले की तो चपखल बसतो.

१४व्या शतकातले भाष्यकार सायणाचार्य एक पाऊल पुढे जातात. परस्परविरोध सोडून एकाच प्रकारचे बोला, असा त्यांचा आशय. आजकाल ‘संवाद साधा, चर्चा करा’ असा अर्थ दिला जातो, तो मराठीतल्या ‘संवाद’ शब्दावरून मागे नेलेला आहे. संस्कृतात संवाद म्हणजे संभाषण आहेच, पण ‘मेळ, जुळणे’ हाही अर्थ आहे. म्हणून तर त्याच्या उलट ‘विसंवाद’. विसंवाद म्हणजे न बोलणे नव्हे, बोलणे न जुळणे.

आमचा कल असा: ‘एकत्र बोला’ एवढेच भाषांतर करावे. ‘एकच बोला’ म्हटले तर शब्दापेक्षा जास्त होते, ‘चर्चा करा’ म्हटले तर शब्दाच्या बाजूला जाते. दुसऱ्या मताला जागा आहे की नाही, याचे उत्तर या शब्दात नाही. ते पुढच्या ‘मनांसि’ आणि ‘भागम्’ या दोन शब्दांत आहे.

‘सं वो मनांसि जानताम्’ या चरणाचा अर्थ कसा लावायचा?

वः म्हणजे युष्माकम्, तुमची. पुढे म आल्यामुळे संधी होऊन ‘वो’ झाला. मनांसि म्हणजे मने, मनस् या नपुंसकलिंगी शब्दाचे प्रथमा बहुवचन. तोच कर्ता. जानताम् हे ज्ञा धातूचे आज्ञार्थी प्रथमपुरुषी (संस्कृतातला प्रथम पुरुष म्हणजे मराठीतला तृतीय) बहुवचन: एकवचन जानीताम्, द्विवचन जानाताम्, बहुवचन जानताम्. कोणी ‘जानीताम्’ अशी दुरुस्ती सुचवली तर ऐकू नये. मने अनेक आहेत.

आणि हे अनेकवचन महत्त्वाचे. ‘तुमचे एकच मन होवो’ असे इथे म्हटलेले नाही. मने जितकी माणसे तितकीच राहतात. ती एकमेकांशी जुळोत, एकमेकांना ओळखोत, एवढीच अपेक्षा आहे.

एक शंका अभ्यासू मंडळी काढतात: ‘जानताम्’ म्हणजे ‘जाणणाऱ्यांची’ असा षष्ठीचा अर्थ का नाही? नुसते अक्षर पाहिले तर तेही रूप अगदी असेच दिसते. निकाल लागतो स्वरावर. मंत्र सस्वर असा छापतात:

सं ग॑च्छध्वं॒ सं व॑दध्वं॒ सं वो॒ मनां॑सि जानताम् ।
दे॒वा भा॒गं यथा॒ पूर्वे॑ संजाना॒ना उ॒पास॑ते ॥

षष्ठीचे रूप असते तर शेवटचे ‘ता’ उदात्त झाले असते आणि आधीच्या ‘न’खाली आडवी रेघ आली असती. ती नाही. मुख्य वाक्यातल्या क्रियापदाचा स्वर जातो (‘तिङ्ङतिङः’, ८.१.२८), म्हणून ‘जानताम्’ क्रियापदच. याच्या उलट ‘उपासते’ हे ‘यथा’च्या वाक्यात असल्याने त्याचा स्वर टिकला आहे, ‘पा’ उदात्त आहे.

‘देवा’ म्हणजे ‘हे देवा’?

नाही. मराठी कानाला तसे वाटते खरे, ‘अरे देवा’ची सवय. पण इथे ‘देवाः’ असे प्रथमा बहुवचन आहे: देव (अनेक). पुढच्या ‘भा’मुळे विसर्ग लोपला. कोणाला हाक मारलेली नाही. ‘देवाभागं’ असे एका शब्दात छापलेलेही पुष्कळदा दिसते, तेही चूक. ‘देवा’ आणि ‘भागं’ यांच्यात जागा हवीच.

इथे ‘भाग’ कशाचा?

हविर्भाग. यज्ञात ज्या देवतेसाठी आहुती दिली, तो तिचा वाटा. भज् म्हणजे वाटणे, त्यावरून भाग.

दृष्टान्ताचा सगळा जोर या शब्दावर आहे, म्हणून इथे जरा थांबू. अग्नीचा वाटा अग्नीला, इंद्राचा इंद्राला, सोमाचा सोमाला. एका यज्ञात अनेक देवता, आणि प्रत्येकीचा भाग वेगळा. सायणाचार्यही ‘यथास्वम्’, म्हणजे ज्याचा त्याने, असेच म्हणतात. देवांनी आपापले वाटे एकत्र कालवून टाकले नाहीत. वाटे वेगळे राहिले, पण ते घेताना भांडण नाही. एकतेचा नमुना म्हणून ऋषीने नेमका वाटणीचा प्रसंग निवडला, कारण माणसे बिनसतात ती बहुधा वाटणीच्या वेळीच. पार्किंगच्या वाटपाची सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे जास्त फोडून सांगायला नको.

‘पूर्वे’ म्हणजे पूर्व दिशेला?

नाही. कोपरी ठाणे पूर्वेला असेल, हे देव नाहीत. ‘पूर्वी’ असे क्रियाविशेषणही नाही. पूर्वे हे ‘देवाः’चे विशेषण: आधीचे, प्राचीन. पूर्व हा शब्द सर्वनामासारखा चालतो, सर्वे तसे पूर्वे. एकारान्त दिसल्यामुळे मराठी माणूस त्याला सप्तमी समजतो.

‘संजानाना’ हा शब्द कसा फोडायचा?

सम् + जानानाः. ज्ञा धातूचे आत्मनेपदी वर्तमानकालवाचक विशेषण, प्रथमा बहुवचन: एकमत असलेले, एकमेकांशी पटवून घेणारे. पहिल्या ओळीतल्या ‘सं…जानताम्’चाच हा जुळा भाऊ. माणसांना जे करायला सांगितले, तेच देव करतात, हे ऋषी त्याच धातूने सांगतो.

म्हणताना ‘संजाना… नाउपासते’ असे तुटते. श्वास घ्यायचाच असेल तर ‘संजानाना’ पुरा करून घ्यावा. ‘संजानानोपासते’ असा संधीही करू नये. ‘संजानानाः’चा विसर्ग लोपल्यावर पुन्हा संधी होत नाही. पटत नसेल तर अक्षरे मोजा: सं-जा-ना-ना-उ-पा-स-ते, आठ. संधी केला तर सात उरतात आणि अनुष्टुभाचा चरण लंगडतो.

‘उपासते’ आणि आपला ‘उपास’ एकच का?

नाही. उपास हा ‘उपवास’चा झिजलेला शब्द, त्यात वस् धातू, राहणे. उपासते मध्ये उप + आस्, जवळ बसणे. ‘उपासना’ मात्र याच घराण्यातली. रूप बहुवचनी आहे: आस्ते, आसाते, आसते. ‘तो उपासतो’ असा एकवचनी अर्थ करू नये. देव कोणाची पूजा करत आहेत असाही नाही. ते आपल्या भागाजवळ येऊन बसतात, तो स्वीकारतात.

मग पूर्ण मंत्राचा सरळ अर्थ काय लिहावा?

अन्वय: (यूयं) सं गच्छध्वम्, सं वदध्वम्, वः मनांसि सं जानताम्, यथा पूर्वे देवाः संजानानाः भागम् उपासते.

मराठीत: एकत्र या, एकत्र बोला, तुमची मने एकमेकांशी जुळोत, जसे प्राचीन देव एकमताने आपापला हविर्भाग घ्यायला बसतात, तसे.

‘आपापला’ हा शब्द मूळात नाही, तो भाष्याच्या आधाराने घातला आहे. पाटीवर अर्थ द्यायचा तर तो ठेवावा, असे आमचे मत.

तिसऱ्या-चौथ्या मंत्रात ‘समान’ आठ वेळा येतो. समान म्हणजे सारखा ना?

आजच्या मराठीत समान म्हणजे सारखा, बरोबरीचा: समान हक्क, समान वेतन. या सूक्तातला समान आपल्या ‘सामाईक’च्या जास्त जवळ आहे. सातबाऱ्यावर ‘सामाईक क्षेत्र’ लिहितात तेव्हा प्रत्येकाला सारख्या मापाचा तुकडा मिळाला असे नसते. एकच जमीन सगळ्यांची असते. तसा हा समान: समानो मन्त्रः, तुम्हा सर्वांचा मिळून एक मंत्र.

रूपे तीन लिंगांत फिरतात. मन्त्रः पुल्लिंगी म्हणून समानः, समितिः स्त्रीलिंगी म्हणून समानी, मनः नपुंसकलिंगी म्हणून समानम्. ‘समाना हृदयानि’ पाहून मात्र दचकायला होते. हृदय नपुंसकलिंगी, मग ‘समानानि’ का नाही? वेदात नपुंसकलिंगी बहुवचनातला ‘नि’ कधीकधी लोपतो (६.१.७०). ही छपाईची चूक नाही. दुरुस्त करायला जाऊ नये.

इथला ‘मंत्र’ म्हणजे जपायचा मंत्र, आणि ‘समिती’ म्हणजे कमिटी?

मन्त्रः बद्दल सायणाचार्य दोन अर्थ देतात, स्तुती किंवा गुप्त मसलत. दुसरा अर्थ मराठीत ‘मंत्री’ आणि ‘मंत्रणा’ या शब्दांत जिवंत आहे. मंत्रालयात कोणी जप करत नाही.

समिती म्हणजे सम् + इ (जाणे): एकत्र येणे, एकत्र आलेली मंडळी. ‘कमिटी’ हा अर्थ अगदी अलीकडचा. अथर्ववेदात सभा आणि समिती यांना प्रजापतीच्या दोन मुली म्हटले आहे. गंमत म्हणजे गृहनिर्माण संस्थेत आजही दोघी नांदतात, एक सर्वसाधारण सभा आणि दुसरी व्यवस्थापक समिती. बहिणींचे पटते का, ते ज्याच्या त्याच्या इमारतीवर.

मन, चित्त, हृदय, आकूती: चार शब्द कशाला?

मनस् हे विचार करण्याचे साधन. चित्त म्हणजे त्या विचारातून आलेली जाणीव, समज. हृदय हे भावनेचे ठिकाण. आकूती म्हणजे हेतू, मनात धरलेला संकल्प. काटेकोर व्याख्या प्रत्येक दर्शनात बदलतात, योगसूत्रांतले चित्त इथे आणू नये.

‘आकूति’ हा शब्द मराठीत वापरात नसल्यामुळे टंकलेखक, मुद्रितशोधक आणि मोबाईलचा कीबोर्ड तिघे मिळून त्याची ‘आकृति’ करतात. ‘तुमची आकृती समान असो’, म्हणजे सगळ्यांनी एकसारखे दिसावे. क चा दीर्घ ऊकार (कू) आहे, ऋकार (कृ) नाही, हे छपाईला देताना तोंडी सांगावे.

‘समानी व आकूतिः’ मधला ‘व’ म्हणजे ‘आणि’?

नाही. हा ‘वः’ आहे, तुमची. पुढे ‘आ’ आल्याने विसर्ग गेला आणि नुसता व उरला. मराठीतला ‘व’ इथे आणला की ‘समान आणि आकूती’ असे निरर्थक काहीतरी होते. आणखी एक: या चरणात अक्षरे सातच भरतात. म्हणताना ‘व’ आणि ‘आ’ एकत्र करून ‘वाकूतिः’ केले तर सहाच राहतील. दोन्ही सुटे उच्चारा. (दुसरा मंत्र ३२ अक्षरांचा, तिसरा ४४, चौथा ३१. बेरीज १०७. एका अक्षराने १०८ हुकले आहेत.)

‘सुसहासति’चा अर्थ कोणी धड सांगत नाही.

कारण त्यातले क्रियापद लौकिक संस्कृतात उरलेच नाही. पदपाठ फोड देतो: सुऽसह । असति. सु म्हणजे चांगले, सह म्हणजे बरोबर, आणि असति हे अस् (असणे) धातूचे लेट् लकाराचे रूप. लेट् फक्त वेदात सापडतो, ‘असावे, व्हावे’ अशा अर्थी. यथा वः सुसह असति: जेणेकरून तुमचे एकत्र राहणे चांगले होईल, तुमचे नीट जमेल.

‘असति’ला ‘नसताना’ (सति-असति मधला) किंवा ‘असत्य’ समजून काही भाषांतरांत भलतेच अर्थ आले आहेत. ‘सु सहासति’ अशी फोडही चूक.

तिसऱ्या मंत्रात एकदम ‘एषाम्’ आणि ‘जुहोमि’ येते. कोण बोलतो?

‘एषाम्’ म्हणजे ‘यांचे’. पहिल्या ओळीत ऋषी जमलेल्यांबद्दल बोलतो, दुसऱ्या ओळीत वळून त्यांच्याशीच: अभि मन्त्रये वः, तुम्हाला उद्देशून मंत्र म्हणतो, समानेन हविषा जुहोमि, सर्वांच्या एका हवीने आहुती देतो.

पहिला मंत्र का गाळतात?

‘संसमिद्युवसे वृषन्नग्ने…’ हा अग्नीला उद्देशून आहे आणि ‘आम्हाला धन आण’ असे मागणे त्यात आहे. सभेत गाळतात ते ठीक. त्यातले ‘इळस्पदे’ मात्र मराठी जिभेला सोपे जाते, ळ आपल्या घरचा.

अथर्ववेदात हाच मंत्र वेगळा का दिसतो?

अथर्ववेद ६.६४ मध्ये सुरुवात ‘सं जानीध्वं सं पृच्यध्वं’ अशी आहे. पृच् म्हणजे मिसळणे. आपला ‘संपर्क’ त्यातून. पुढच्या मंत्रात ‘समानं मनः’च्या जागी ‘समानं व्रतम्’ आहे. दोन्ही पाठ आपापल्या जागी शुद्ध. एका पाटीवर अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा नको, एवढेच.

घरगुती कार्यक्रमासाठी विचाराल तर अथर्ववेदाचे ३.३० हे सूक्त जास्त जवळचे. त्यात भावाने भावाचा, बहिणीने बहिणीचा द्वेष करू नये असे थेट म्हटले आहे, आणि ‘समानी प्रपा सह वोऽन्नभागः’ असेही. प्रपा म्हणजे पाणपोई, पाण्याची जागा. पाण्याची जागा सामाईक, जेवण बरोबर. टँकर मागवणाऱ्या इमारतीत हा चरण जास्त लागू पडेल.

‘सह नाववतु’ याच सूक्तातले आहे का?

नाही, ते तैत्तिरीय शाखेतले. त्यातला ‘नौ’ द्विवचनी आहे: आपण दोघे, गुरू आणि शिष्य. संपूर्ण सभेसाठी ‘सं गच्छध्वम्’च योग्य, इथे सगळी रूपे बहुवचनी आहेत.

उच्चारात नेहमी कुठे चुकते?

‘ध्वं’चे ‘धवं’ होते. एक अक्षर वाढते आणि समूहाची लय तिथेच फाटते. ‘गच्छ’चे ‘गछ’ होते. च् स्पष्ट दाबा.

‘जानताम्’मधला ज ही खास मराठी चूक. आपण ‘जाणणे’ म्हणताना दंततालव्य ज (द्झ) वापरतो आणि त्याच सवयीने ‘द्झानताम्’ म्हणतो. संस्कृतात ज नेहमी ‘जीवन’मधला.

ओळीच्या शेवटी ‘जानताम्’ म्हणून ओठ मिटायचे. ‘जानतां’ असे नाकात सोडू नये. विसर्गाचा उच्चार आधीच्या स्वराचा हलका पडसाद घेऊन: ‘आकूतिः’ला ‘आकूतिहि’, ‘वः’ला ‘वह’. ‘मनः सह’मध्ये विसर्ग खाल्ला की ‘मन सह’ होते आणि लय घसरते.

वैदिक स्वर येत नसतील तर म्हणावा का?

परंपरेने शिकलेले वैदिक सस्वर पाठाचाच आग्रह धरतात, आणि स्वराने अर्थ कसा ठरतो ते ‘जानताम्’मध्ये दिसलेच. शिकण्याची सोय असेल तर गुरूकडून ऐकूनच शिकावे. चिन्हे पाहून स्वर येत नाहीत. अक्षराखालची आडवी रेघ अनुदात्त, डोक्यावरची उभी स्वरित, चिन्ह नसलेले उदात्त किंवा प्रचय (स्वरितानंतरचे बिनस्वराचे अक्षर), एवढे कळले तरी गळा तयार होत नाही. तोवर एका पट्टीत, सपाट, स्पष्ट म्हणावा. भावगीताची चाल लावू नये: चालीसाठी लघूचे गुरू होतात आणि ‘उपासते’चे ‘उपासाते’ होऊन बसते.

सभेत सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचा आहे. तयारी कशी करावी?

एकच मंत्र घ्या, दुसरा. आठ-आठ अक्षरांचे चार चरण. सांगणाऱ्याने एक चरण म्हणावा, इतरांनी दोनदा, चारही चरण झाले की अर्धी-अर्धी ओळ, मग पूर्ण. श्वास फक्त ‘जानताम्’नंतर. दहा-बारा मिनिटांत बहुतेकांना जमते, अडतात ते ‘संजानाना उपासते’पाशी, म्हणून हा चरण आधी घ्यावा. सावकाश म्हटला तर मंत्र बारा ते पंधरा सेकंदांत होतो, तिन्ही मंत्र पाऊण-एक मिनिटात. आधीचा ॐ आणि शेवटचे तीनदा ‘शान्तिः’ हे मंत्राचे भाग नाहीत, प्रघात आहे. म्हटले तर हरकत नाही.

लॉबीत पाटी लावायची आहे. छपाईत काय तपासावे?

मजकूर यूनिकोडमध्ये द्या. डीटीपीवाला तो जुन्या फॉन्टमध्ये बदलतो तेव्हा अक्षरे इकडची तिकडे होतात, म्हणून प्रूफ मागवाच आणि मोबाईलवर नव्हे, कागदावर वाचा. बघायच्या जागा या: विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची दोन टिंबे (:) टाकलेली असतात, ती शब्दापासून किंचित सुटी दिसतात, दंडाऐवजी इंग्रजी कीबोर्डवरची उभी रेघ, ‘जानताम्’चा पाय मोडायचा राहिलेला, ‘देवाभागं’ जोडलेले, ‘आकूतिः’ची आकृती, ‘समाना हृदयानि’ कोणी हौसेने ‘समानानि’ केलेले.

ओळ तोडायची तर चरणावरच. ‘सं वो मनांसि’ वर ओळ संपली आणि ‘जानताम्’ एकटा खाली गेला की वाचणारा त्याला नवे वाक्य समजतो. अरुंद पाटी असेल तर चार चरणांच्या चार ओळी करा. स्वरचिन्हे नीट छापून मिळण्याची खात्री नसेल तर ती गाळा. अर्धवट चिन्हांपेक्षा बिनचिन्हांचा पाठ बरा. दहा फुटांवरून वाचायची असेल तर अक्षराची उंची निदान एक इंच ठेवा, काना-मात्रांसाठी दोन ओळींत मोकळी जागा सोडा. खाली ‘ऋग्वेद १०.१९१.२’ हा संदर्भ लिहा. ‘ऋग्वेद’ एवढेच लिहिले तर पडताळून पाहणाऱ्याला हजारावर सूक्ते चाळावी लागतील.